३८,००० पासवर्ड आणि एक रांग : गीसेन विद्यापीठातील एक प्रकरण

विद्यापीठाच्या संगणक केंद्रात सर्वांत हलके समजले जाणारे काम म्हणजे पासवर्ड बदलून देणे. कोणी तो विसरलेला असतो, कोणाचा मोबाइल क्रमांक बदललेला असल्यामुळे ओटीपी येत नसतो, तर कोणी सलग पाच वेळा चुकीचा टाकून खाते बंद पाडलेले असते. हे काम नव्याने कंत्राटावर घेतलेल्या मुलाकडे सोपवले जाते आणि जुनी मंडळी सर्व्हर, स्विच, निविदा अशा ‘खऱ्या’ कामांकडे वळतात. जर्मनीतील गीसेन येथील युस्टुस लीबिग विद्यापीठावर डिसेंबर २०१९ मध्ये अशी वेळ आली, की हेच हलके काम पाच दिवसांत सुमारे ३८,००० वेळा करावे लागले आणि ते कसे केले जाते यावर पुढचे सगळे अवलंबून राहिले. मी स्वतः एका विद्यापीठाच्या संगणक केंद्रात काम करतो. त्यामुळे या प्रकरणात हल्लेखोर कोण होते यापेक्षा मदतीसाठी उभ्या असलेल्या माणसाचे नेमके काय झाले, याकडे माझे लक्ष अधिक जाते, आणि ही मांडणीही त्याच बाजूने केली आहे.

गीसेन हे हेसन राज्यातील, फ्रँकफर्टच्या उत्तरेकडील एक मध्यम आकाराचे शहर आहे. तेथील विद्यापीठाची स्थापना १६०७ मधली. ज्यांचे नाव आज ते मिरवते ते रसायनशास्त्रज्ञ लीबिग १८२४ साली वयाच्या एकविसाव्या वर्षी तेथे प्राध्यापक म्हणून आले आणि विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेत हाताने काम करायला लावून शिकवण्याची पद्धत त्यांनी तेथे रुजवली. २०१९ मध्ये तेथे सुमारे २८,००० विद्यार्थी शिकत होते. त्या वेळचे विद्यापीठाचे अध्यक्ष जॉयब्रतो मुखर्जी हे जर्मनीत जन्मलेले, भारतीय आईवडिलांचे पुत्र आणि इंग्रजी भाषाविज्ञानाचे प्राध्यापक. जानेवारी २०२० पासून ते ‘डाड’ या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेचेही अध्यक्ष झाले. जर्मनीला शिकायला जाऊ इच्छिणाऱ्या आपल्याकडील मुलामुलींना या संस्थेचे नाव सांगावे लागत नाही.

८ डिसेंबर २०१९, रविवार. विद्यापीठाच्या यंत्रणेत घातक प्रणाली शिरल्याचे लक्षात आले आणि संगणक केंद्राने सर्व्हर बंद करून संपूर्ण विद्यापीठ इंटरनेटपासून तोडले. असा निर्णय कागदावर एका ओळीत लिहून होतो, पण तो घेणाऱ्याला त्या क्षणी प्रादुर्भाव तीन यंत्रांत आहे की तीन हजार यंत्रांत हे ठाऊक नसते. सगळे बंद करून नंतर काहीच निघाले नाही तर आयुष्यभर टोमणे ऐकावे लागतात, आणि अर्धे चालू ठेवून उरलेलेही जळाले तर नोकरीच धोक्यात येते. ईमेल, संकेतस्थळ, अंतर्गत साठवण, सगळे एका दिवसात थांबले. फ्रँकफर्टच्या महाअभियोक्ता कार्यालयाच्या सायबर गुन्हे विभागाने तपास हाती घेतला. त्या हिवाळ्यात जर्मनीत अशी प्रकरणे ओळीने घडत होती. ‘एमोटेट’ नावाची प्रणाली ओळखीच्या माणसाच्या जुन्या ईमेलला आलेल्या उत्तराचे सोंग घेऊन वर्ड फाइलमधून आत येत असे, तिच्यामागून ‘ट्रिकबॉट’ येऊन पासवर्ड गोळा करत असे आणि शेवटी ‘रायुक’ फायलींना कुलूप घालून खंडणी मागत असे. बर्लिनच्या उच्च न्यायालयाला सप्टेंबरमध्ये एमोटेटचा फटका बसला होता. गीसेनच्या संदर्भातही रायुकचे नाव पुढे आले.

सोमवारी सकाळी तास नेहमीप्रमाणे भरले. शिक्षक, विद्यार्थी, फळा आणि वर्ग यांना सर्व्हर लागत नाही. अडचण होती ती मदत मागणाऱ्यांची आणि मदत देणाऱ्यांची, आणि ती दोन्ही बाजूंनी सारखीच होती. मदत कक्ष ज्या साधनांनी चालतो ती साधने त्याच नेटवर्कवर असतात, हे एरवी कोणाच्या ध्यानात येत नाही. तक्रार नोंदवण्याची प्रणाली सर्व्हरवर, कर्मचाऱ्यांचे दूरध्वनी क्रमांक सर्व्हरवर, ‘नेटवर्क बंद आहे’ अशी सूचना पाठवायचा ईमेलही सर्व्हरवर. विहिरीत पडलेल्याला वर काढायचा दोर विहिरीतच असावा, तशी ही स्थिती असते. गीसेनने तात्पुरते संकेतस्थळ उभे केले आणि ‘जेएलयूऑफलाइन’ अशी खूण लावून समाजमाध्यमांतून सूचना द्यायला सुरुवात केली. विद्यापीठाचे स्वतःचे एकही साधन हाताशी नसताना बाहेरच्या, फुकट मिळणाऱ्या माध्यमांवर कारभार चालवावा लागणे काहींना कमीपणाचे वाटेल. मला ते प्रसंगावधान वाटते. विद्यार्थ्याचा मोबाइल चालू होता आणि त्याला त्यावर सूचना मिळत होती, तेवढे त्या आठवड्यापुरते पुरेसे होते.

येथे ‘एज्युरोम’ या विद्यापीठांच्या सामायिक वायफाय सेवेचा उल्लेख करायला हवा, कारण ही सेवा आपल्याकडेही अर्नेट या शिक्षणसंस्थांना नेटवर्क पुरवणाऱ्या सरकारी संस्थेमार्फत अनेक संस्थांत आली आहे आणि तिच्याविषयी गैरसमज फार आहेत. दुसऱ्या विद्यापीठात गेल्यावर आपले वायफाय आपोआप चालते, म्हणजे आत घेण्याची परवानगीही तिथले विद्यापीठच देते, असे विद्यार्थी समजतात. वास्तविक यजमान विद्यापीठ फक्त विचारणा पुढे पाठवते आणि पासवर्ड बरोबर आहे की नाही याचे उत्तर आपल्या मूळ विद्यापीठाचा सर्व्हर देतो. मूळ सर्व्हरच बंद असेल तर शंभर किलोमीटरवरच्या, पूर्ण निरोगी असलेल्या वाचनालयातही त्या विद्यार्थ्याला कनेक्शन मिळत नाही, आणि तेथील मदत कक्षातला माणूस ‘आमच्याकडे सगळे व्यवस्थित आहे’ असे म्हणतो तेव्हा तो खरेच बोलत असतो.

पुढचे काम दोन भागांत चालले. पहिला भाग यंत्रांचा. विद्यापीठाने १,२०० हून अधिक पेन ड्राइव्ह तयार केले, त्यांवर विषाणू शोधणारी प्रणाली भरली आणि ते विभागाविभागांत वाटले. नेटवर्क तोडलेले असल्यामुळे एरवी मध्यवर्ती सर्व्हरवरून एका कळीसरशी होणारी तपासणी आता प्रत्येक यंत्रापाशी जाऊन, हाताने करायची होती. ती एकदा करून भागले नाही. दुसरी फेरी घ्यावी लागली. विषाणूशोधक प्रणाली तिच्याजवळ असलेल्या ओळखखुणांच्या यादीवरच चालते आणि यादीत नसलेला नवा अवतार तिच्या डोळ्यांदेखत बसून राहतो, हे ज्याने असे काम केले आहे त्याला वेगळे सांगायला नको. तपासणीत निर्दोष ठरलेल्या संगणकावर हिरवे स्टिकर चिकटवले गेले.

हे हिरवे स्टिकर मला फार आवडले. आपल्या प्रत्येक सरकारी अनुदानित संस्थेत संगणकाच्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने डेड स्टॉकचा क्रमांक लिहिलेला असतो; दरवर्षी जडवस्तू पडताळणीला कोणीतरी वही घेऊन येतो, वाकून तो क्रमांक वाचतो आणि खूण करतो. त्या क्रमांकाची आम्ही थट्टा करत आलो, पण नेटवर्क नसताना ‘हे यंत्र तपासले आहे का’ या प्रश्नाचे उत्तर खोलीत शिरताक्षणी, यंत्र चालू न करता, शिपायालाही देता येईल अशी दुसरी कोणती सोय आहे? गीसेनमध्ये ज्या खोलीत पाच संगणक आणि चार स्टिकर दिसत असतील, त्या खोलीचे काम उरले आहे हे सांगायला तज्ज्ञाची गरज नव्हती.

दुसरा भाग माणसांचा, आणि या प्रकरणाचा गाभा तोच आहे. विद्यापीठाने सर्व खात्यांचे पासवर्ड रद्द केले. काहींचेच का नाही, असे विचारले जाते. आत शिरलेल्या माणसाच्या हाती प्रशासकाचे अधिकार गेल्याची शंका असेल, तर पासवर्डच्या संकेतबद्ध नोंदींची सगळी फाइलच त्याच्याकडे गेली असे धरून चालावे लागते. मग कोणाचा पासवर्ड अवघड होता आणि कोणाचा सोपा, ही चर्चा निरर्थक ठरते. म्हणून विद्यार्थी आणि कर्मचारी मिळून सुमारे ३८,००० जणांना नवे पासवर्ड द्यायचे ठरले. प्रश्न उरला तो पोचवण्याचा. ईमेलने पाठवावा तर ईमेलचाच पासवर्ड रद्द झालेला. दुसऱ्या ईमेलवर किंवा मोबाइलवर पाठवावा तर तो पत्ता आणि तो क्रमांक ज्या माहितीसाठ्यात नोंदवले होते, त्या माहितीसाठ्यावरच विश्वास ठेवायची सोय राहिली नव्हती. हल्लेखोराने त्यात दोन-चार क्रमांक बदलून ठेवले असतील, तर विद्यापीठ स्वतःच्या हाताने त्याला नव्या किल्ल्या देणार. शिवाय जर्मनीतील विद्यापीठे ज्या ‘डीएफएन’ या संशोधन नेटवर्कची सभासद आहेत, त्याच्या नियमांमुळेही दूरस्थ मार्गाने पासवर्ड देणे शक्य नाही, असे विद्यापीठाने सांगितले. तेव्हा प्रत्येकाने ओळखपत्र घेऊन व्यक्तिशः यायचे आणि आपला पासवर्ड कागदावर घेऊन जायचा, असे जाहीर झाले.

१६ ते २० डिसेंबर, सोमवार ते शुक्रवार, विद्यापीठाच्या क्रीडागृहात ही वाटणी झाली. रांगेची छायाचित्रे जगभर फिरली आणि ‘पासवर्डसाठी ३८,००० जण रांगेत’ हा मथळा अनेकांना विनोदी वाटला. जर्मनांच्या कागदप्रेमाची थट्टा झाली. मला त्यात थट्टेसारखे काही दिसत नाही. मदत कक्षात येणारा प्रत्येक प्रश्न वरकरणी यंत्राचा असतो, पण त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो, तो म्हणजे समोरचा माणूस तोच आहे का. एरवी हा प्रश्न आपण यंत्रावर ढकलतो. यंत्राची साक्ष बाद झाली की चेहरा, ओळखपत्र आणि टेबलामागचा माणूस एवढेच उरते. गीसेनने ते मान्य केले आणि त्याप्रमाणे टेबले मांडली.

या वाटणीचे गणित करून पाहण्यासारखे आहे. ३८,००० भागिले ५ म्हणजे दिवसाला ७,६००. दिवसाचे दहा तास काम चालले असे धरले तर तासाला ७६०, म्हणजे मिनिटाला जवळपास १३ माणसे. ओळखपत्र पाहणे, यादीत नाव शोधणे, योग्य कागद काढून देणे आणि सही घेणे याला दोन मिनिटे लागतात असे मानले, तर एक टेबल तासाला ३० जणांना मोकळे करते आणि किमान २६ टेबले अखंड चालावी लागतात. जेवणाची सुट्टी, यादीत न सापडलेली नावे, घरी विसरलेले ओळखपत्र हे सगळे वेगळे. एवढे टेबलामागचे मनुष्यबळ कोणत्याही संगणक केंद्राकडे नसते. म्हणजे असे काम तांत्रिक माणसांचे राहत नाही. ग्रंथालय, परीक्षा विभाग, प्रशासन अशा सगळीकडून माणसे बसवावी लागतात, आणि ज्याला सर्व्हर म्हणजे काय हे माहीत नाही अशालाही ते नीट करता येईल इतकी पायरीपायरीची आखणी आधी करावी लागते.

रांगेचा क्रम जन्मतारखेवरून लावला होता, आणि मला यातील विचार सर्वांत व्यवहारी वाटला. आडनावाप्रमाणे लावले तर अक्षरे सारखी भरत नाहीत. आपल्याकडे ‘प’च्या दिवशी पाटील आणि पवारांनी मैदान भरेल आणि ‘ढ’च्या टेबलावर माशा मारत बसावे लागेल. विभागवार लावले तर मोठे विभाग तुंबतात आणि प्रत्येक प्रमुख आपल्या विभागाला आधी घ्या म्हणून फोन करतो. जन्माचे महिने मात्र साधारण सारखे पसरलेले असतात, प्रत्येकाला आपला पाठ असतो, ओळखपत्रावर तो छापलेलाच असतो आणि त्यावरून कोणी कोणापेक्षा मोठा ठरत नाही. महाराष्ट्रात ही युक्ती वापरताना एकच काळजी घ्यावी लागेल. शाळेत नाव घालताना मास्तरांनी सोयीसाठी १ जून ही जन्मतारीख लिहिलेल्यांची एक अख्खी पिढी आपल्याकडे आहे, आणि विद्यार्थ्यांत नसली तरी कर्मचाऱ्यांत ती अजून सापडते. जूनच्या टेबलावर दोन माणसे जास्त बसवावीत.

गीसेनच्या पद्धतीत दुखरी जागा नव्हती असे नाही. व्यक्तिशः येण्याची अट जवळ राहणाऱ्याला गैरसोयीची होते, पण आजारी माणसाला, परगावी क्षेत्रकामावर असलेल्याला किंवा परदेशातील विद्यापीठात सत्र घालवणाऱ्याला ती अडवूनच ठेवते. शिवाय २० डिसेंबरनंतर नाताळ तोंडावर होता. अशा लोकांसाठी दुसरी वाट हवीच, पण ती वाट सैल झाली की हल्लेखोर नेमका तिच्यावरच येऊन उभा राहतो, कारण ‘मी बाहेरगावी आहे, येऊ शकत नाही’ हे वाक्य बोलायला कोणालाच काही पडत नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्याकडे गुणनोंदणीच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला असाच एक फोन आला. ‘सर मीटिंगमध्ये आहेत हो, पासवर्ड तेवढा बदलून द्या, आज शेवटची तारीख आहे.’ बोलणाऱ्याने सरांचे पूर्ण नाव, विभाग, कर्मचारी क्रमांक आणि जन्मतारीख न अडखळता सांगितली. आमच्या कक्षातल्या मुलाने पासवर्ड बदलून फोनवरच सांगितला. फोन करणारे खरोखर त्याच विभागाचे लिपिक होते आणि गुण वेळेत भरले गेले. नुकसान काहीच झाले नाही, आणि काही झाले नाही म्हणूनच तो रिवाज पडून गेला. पुढे मी तपासले तेव्हा लक्षात आले, की विद्यार्थ्यांसाठी आम्ही विचारत असलेले दोन्ही प्रश्न, पीआरएन म्हणजे कायम नोंदणी क्रमांक आणि जन्मतारीख, परीक्षेच्या अर्जाच्या प्रतीवर शेजारी शेजारी छापलेले असतात आणि त्या प्रती झेरॉक्सच्या दुकानात कोणाच्याही हाताला लागतील अशा पडलेल्या असतात. ज्याला आम्ही खात्री करून घेणे म्हणत होतो, ते फार तर शिष्टाचाराचे विचारणे होते.

तुलनेसाठी दुसरे एक उदाहरण थोडक्यात पाहता येते. गीसेनची वाटणी संपून तीन दिवस होतात न होतात तोच, २३ डिसेंबर २०१९ रोजी, नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठाच्या २६७ विंडोज सर्व्हरना ‘क्लॉप’ या प्रणालीने कुलूप घातले. तेथे फसव्या ईमेलवरची पहिली टिचकी ऑक्टोबरच्या मध्यात पडली होती. दोन महिने हल्लेखोर आत फिरत होते. विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे दोन लाख युरो देऊन किल्ली मिळवली आणि ५ फेब्रुवारी २०२० रोजी जाहीर परिसंवाद घेऊन आपली चूक कुठे झाली ते लोकांसमोर मांडले. खंडणी देण्यावरून त्यांना बोल लावणे सोपे आहे. ६ जानेवारीला वर्ग ठरल्याप्रमाणे सुरू करायचे आणि संशोधकांची वर्षानुवर्षांची सामग्री कुलपात, अशा पेचात त्यांनी तो निर्णय घेतला. गीसेनमध्ये सगळे आपणहून बंद केल्यामुळे किंमत वेळेच्या आणि रांगेच्या रूपाने मोजावी लागली. पण आत कोणी आहे हे मास्ट्रिख्टला दोन महिने कळले नाही, आणि हा फरक नशिबापेक्षा नोंदी रोज कोणी पाहते की नाही याच्याशी अधिक संबंधित असतो.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये असाच हल्ला झाला आणि केसपेपर हाताने लिहायची वेळ आली. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. सहा तासांत कळवायचे म्हणजे कोणाला फोन करायचा, हे मात्र त्या वेळी शोधत बसता येत नाही.

हे प्रकरण वाचल्यावर आमच्या केंद्रात मोठा बदल असा काही झाला नाही; निधी नव्हता आणि कोणी मागितलाही नाही. तीन लहान गोष्टी केल्या. फोनवर पासवर्ड बदलून देणे बंद केले, त्यावर दोन विभागप्रमुख रागावले आणि नंतर विसरले. आमच्याकडील सुमारे १२,००० खात्यांसाठी चार टेबले लावली तर दिवसाचे आठ तास धरून किती वेळ लागेल याचा हिशेब केला. तो साडेबारा दिवसांवर गेला, म्हणून टेबलांची संख्या दहा धरून, त्यांवर ग्रंथालय आणि परीक्षा विभागातून कोण बसेल हे नावानिशी लिहून ठेवले. आणि कुलसचिव, विद्युत विभाग, इंटरनेट सेवा देणारी कंपनी, सर्ट-इन आणि जिल्ह्याचा सायबर पोलीस कक्ष यांचे क्रमांक एका कागदावर छापून तो केंद्राच्या लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. सहा महिन्यांनी सहज पडताळून पाहिले, तर त्यांतील दोन क्रमांक बदललेले होते आणि एका क्रमांकावरचे साहेब निवृत्त झाले होते. आता तो कागद दर सत्राच्या सुरुवातीला नव्याने छापला जातो, आणि ते काम पासवर्ड बदलून देणाऱ्या त्याच मुलाकडे आहे.